शालिकभाऊंच्या नावावरचे सेहेचाळीस नग

नवा ट्रॅक्टर घ्यायला येणारा माणूस हार, नारळ, पेढे आणि घरचं अख्खं खटलं घेऊन येतो. तोच माणूस वर्षभरानं माझ्या खिडकीशी येतो तेव्हा एकटा असतो, हात ऑइलनं माखलेले असतात आणि रुमालात एक तुटका तुकडा असतो. वाशीमच्या एका ट्रॅक्टर शोरूमच्या मागच्या बाजूला, पार्ट्सच्या खिडकीत मी एकवीस वर्षं बसले. पुढच्या हॉलात फोटो निघायचे, मागच्या खिडकीत शिव्या निघायच्या. माझ्या वाट्याला मागची खिडकी आली आणि खरं सांगते, मला तीच आवडली.

आमच्याकडचं गिऱ्हाईक पार्टचं नाव कधी सांगत नाही. 'ते गोल असते ना, त्याच्या बाजूचं' एवढा पत्ता दिला की त्याचं काम झालं. शेलूबाजारचे एक आजोबा होते. त्यांनी पिनेची लांबी तुराटीवर मोजून, बरोबर तेवढी तुराटी मोडून आणली होती. काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, एवढी द्या. मी पट्टी लावून पाहिली तर आमच्या पिनेशी सुताचाही फरक नाही. जाडी किती म्हणून विचारलं, तर त्यांनी अंगठा पुढे केला. तो अंगठा भरला दीड पिनेएवढा, कारण त्यावर आदल्याच दिवशी हातोडी पडली होती. दुसरे एक जण फोन करून मोबाइल थेट इंजिनाजवळ धरायचे आणि कुठं दुखतंय ते मी आवाजावरून सांगावं अशी त्यांची अपेक्षा असायची. कान एवढा तयार झाला होता की तीन दुखणी मी फोनवर ओळखायची. चौथं असलं की शालिकभाऊंना पाठवायची.

शालिकभाऊ आमचे जुने मिस्त्री. मानोरा तालुक्यातले तांडे त्यांच्याकडे होते. मोटरसायकलला मागे हत्यारांची पेटी बांधून सकाळी निघायचे ते दिवसभरात तीन-चार ट्रॅक्टर उभे करून परतायचे. बोलणं कमी, चहा जास्त. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्या खिडकीतून हजारो पार्ट नेले असतील. नेलेला एक तर बसवून यायचे, नाहीतर सीलबंद डबी जशीच्या तशी परत आणून ठेवायचे. मिस्त्री लोकांत ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे पार्ट्सच्या खिडकीत बसलेल्या माणसालाच कळेल.

आता धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझ्या खोलीत चार हजारांवर प्रकारचे पार्ट होते. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. पूर्वी सगळं एका जाड रजिस्टरात असायचं आणि रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. मग कंपनीचं सॉफ्टवेअर आलं. पार्ट आला की नोंद, गेला की नोंद, परत आला की नोंद, दुसऱ्या शाखेत पाठवला की नोंद. या सगळ्या येण्याजाण्याच्या यादीला म्हणायचं स्टॉक मूव्हमेंट. सून माहेरी कधी गेली, कधी आली, कोणाबरोबर गेली, याचा सासू जसा बारकाईनं हिशेब ठेवते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की सासू काही गोष्टी विसरते, सॉफ्टवेअर विसरत नाही.

ही यादी पडद्यावर एका वेळी पन्नासच ओळी दाखवायची. कोणा साहेबाला सगळी पाहिजे असली की ती बाहेर काढून एक्सेलच्या फायलीत घ्यावी लागायची. यालाच एक्सपोर्ट म्हणतात. मी पहिल्यांदा हा शब्द घरी सांगितला तेव्हा सासूबाईंना वाटलं, आमच्या दुकानाचा माल परदेशात जायला लागला. त्यांनी गल्लीत सांगूनही टाकलं.

एक्सपोर्ट म्हणजे एक बटण दाबायचं, असं न करणाऱ्यांना वाटतं. एकतीस दिवसांपेक्षा जास्त मागितलं की आमच्या कॉम्प्युटरवर चक्र फिरत बसायचं ते लाइट जाईपर्यंत. म्हणून वर्षाची यादी हवी असेल तर महिन्याची एक अशा बारा फायली काढायच्या आणि एकीखाली एक जोडायच्या. त्यात एक्सेलला पार्ट नंबरांपुढच्या शून्यांचं भारी वावडं. फाइल उघडली की शून्यं गायब. एकदा अशाच यादीवरून मी ऑर्डर पाठवली आणि नळीच्या बदल्यात कंपनीनं मला ट्रॅक्टरच्या शिटा पाठवल्या. चौदा. त्यानंतर मी हट्टानं कॉम्प्युटरचा क्लास लावला. चाळिशी ओलांडलेली बाई, आजूबाजूला कॉलेजच्या पोरी. पण मी अशी तयार झाले की पुढे मुख्य शाखेतले लोकही यादी जोडायची म्हटलं की मला फोन करायचे. भिंतीवर कंपनीचं प्रमाणपत्र लागलं, 'स्टॉक शंभर टक्के जुळतो' म्हणून. आल्यागेल्याला दिसेल असं मी ते स्वतः स्टुलावर चढून लावलं होतं.

आता त्या शंभर टक्क्यांची आतली गोष्ट सांगते.

आमच्या मालकांची मुख्य शाखा अकोल्याला. तिथल्या पार्ट्सवाल्याला माझा सगळा स्टॉक पडद्यावर दिसायचा. पेरणीच्या तोंडावर रोज सकाळी त्याचा फोन: ताई, तुमच्याकडे क्लच प्लेटा बारा आहेत, आठ पाठवून द्या. पाठवल्या की दोन दिवसांनी मानोऱ्याचा माणूस माझ्या खिडकीशी उभा, आणि माझ्या कप्प्यात धूळ. मोठ्या शाखेनं मागितलं तर नाही म्हणता येत नाही. मग मी युक्ती काढली. पेरणीच्या आधी हातोहात खपणारे पार्ट मी सॉफ्टवेअरमध्ये आमच्याच वर्कशॉपला दिले असं दाखवायची. कागदावर पार्ट खोलीबाहेर गेला, प्रत्यक्षात तो माझ्या टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीत. अकोल्याला दिसायचं शून्य. शेतकरी आला की पेटीतून काढून द्यायचा, त्याचं रीतसर बिल करायचं, तेवढी नोंद उलटी फिरवायची. हंगाम संपला की उरलेलं सगळं परत आलं असं दाखवायचं. वर्षानुवर्षं चाललं. एक पैशाची अफरातफर नाही. पण एकूण काम लबाडीचंच.

वर्कशॉपला पार्ट द्यायचा तर सॉफ्टवेअरला जॉब कार्ड लागतं. म्हणजे कोणाचा ट्रॅक्टर, कोणता नंबर, काम कोण करणार. बाहेरच्या कंपनीचा ट्रॅक्टर म्हटलं की कोणताही नंबर चालायचा, म्हणून मी माझ्या स्कूटीचा नंबर टाकायची. गिऱ्हाइकाचं नाव 'रामभाऊ, मानोरा'. मिस्त्रीचं नाव मात्र यादीतूनच निवडावं लागायचं, रिकामं सोडता यायचं नाही. मी शालिकभाऊंचं निवडायची. कारण साधं होतं. ज्याच्या नावावर कोणी शंका घेणार नाही असा आमच्याकडे तो एकच माणूस होता.

कधी विचारलं नाही त्यांना. विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

एका वर्षी श्रावणात कंपनीचे तपासणीचे साहेब न कळवता आले. एरवी आठ दिवस आधी निरोप यायचा, मी पेटी रिकामी करून ठेवायची आणि मग साहेबांना चहा पाजायची. या वेळी चहा आधी आला. साहेबांनी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, वर्षभराची मूव्हमेंट काढून द्या, किती वेळ लागेल? दुसऱ्या ठिकाणी म्हणे दोन दिवस लावतात. मला चेव आला. मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत देते.

बारा फायली काढल्या. जोडल्या. शून्यं सांभाळली. साहेब बघतच राहिले. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण शहाणपणाला अंत नसतो. साहेब म्हणाले, वर्कशॉपला दिलेले पण बिल न झालेले वेगळे काढता येतील का? मी म्हटलं, येतील की, मिस्त्रीवार लावून देते. आणि दिले लावून. तिथं बाकीच्या मिस्त्र्यांच्या नावावर दोन-दोन, चार-चार ओळी. शालिकभाऊंच्या नावावर सेहेचाळीस. एकाखाली एक, मीच रांगेत उभ्या केलेल्या. लगेच मला काही उमगलंच नाही. माझं सगळं लक्ष साहेबांच्या कौतुकाकडे. फाइल त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये टाकून मी हात झटकले.

चार वाजता मालकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब कागद हातात धरून बसले होते. एका जॉब कार्डावर सेहेचाळीस नग, अडीच महिने बिल नाही, ट्रॅक्टर बाहेरच्या कंपनीचा, मानोऱ्याचा कोणी रामभाऊ, त्याला फोन नंबर नाही. मग त्यांनी ट्रॅक्टरचा नंबर मोठ्यानं वाचला.

तो माझ्या स्कूटीचा नंबर होता.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. मिस्त्रीनं खोटं कार्ड केलं आणि माल बाहेर विकला. असं ते तीन ठिकाणी पाहून आले होते. मालकांना पटत नव्हतं, पण कागदावर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती, आणि कागद तर मी काढलेला. माझा कागद चुकत नाही हे त्यांनीच साहेबांना अभिमानानं सांगितलं. शालिकभाऊंना बोलावलं. ते हात पुसत आले. हा रामभाऊ कोण, म्हणून विचारलं. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. मानोऱ्यात रामभाऊ पाच आहेत, त्यातला कोणता, असं त्यांनी उलट विचारलं. साहेबांना तो उद्धटपणा वाटला.

हत्यारांची पेटी जमा करा आणि चौकशी होईपर्यंत येऊ नका, असं मालक म्हणाले. शालिकभाऊ माझ्याकडे वळले.

"ताई, तुमी सांगा यायले. पार्ट तं तुमच्याच हातून जाते."

मी म्हटलं, "पाहते मी, भाऊ."

एवढंच म्हटलं. या कारणासाठीच मी हा लेख लिहायला घेतला, नाहीतर चौदा शिटांची गंमत सांगून मोकळी झाले असते. चारपासून सहापर्यंत मी माझ्या खुर्चीत बसून होते. टेबलाखाली पेटी, पेटीला माझा पाय लागलेला. समोर वर्कशॉपमध्ये शालिकभाऊ एकेक पाना पुसून मोजून देत होते आणि दुसरा मिस्त्री लिहून घेत होता. मी मनात काय काय जुळवलं! सांगितलं तर प्रमाणपत्र जाईल. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. उद्या एकांतात मालकांना सांगू, म्हणजे बोभाटा होणार नाही. नाहीतर गुपचूप उलटी नोंद करू आणि म्हणू, बघा, सापडले. एवढ्या जमवाजमवीत मी कोणाचं नुकसान होतंय ते सोडून सगळ्याचा विचार केला. सहा वाजता शालिकभाऊ मोटरसायकल ढकलत फाटकाबाहेर गेले. मागे पेटी नव्हती, म्हणून गाडी ओळखूच आली नाही.

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, चेहरा काहून असा? मी सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. एक्सपोर्ट म्हणजे काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण बाकीचं बरोबर कळलं.

"मंग तू अथी कायले बसली?" ती म्हणाली. "तो घरी जाऊन काय सांगून राह्यला असंल?"

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी मी फाटकावर होते. मालक आले, साहेब आले. मी टेबलाखालची पेटी ओढत हॉलमध्ये आणली, नव्या ट्रॅक्टरांच्या मधोमध, आणि उघडली. सगळं सांगितलं. अकोल्याचा फोन, रामभाऊ, स्कूटी, सगळं. साहेब आधी हसले, कारण त्यांना वाटलं मी मिस्त्रीला वाचवायला नाटक करतेय. मग मी त्यांना बाहेर नेऊन स्कूटीची नंबरप्लेट दाखवली.

मोजणी झाली. पंचेचाळीस निघाले. आता आली का पंचाईत! एक क्लच बेअरिंग कमी. एवढी कबुली देऊनही चोरी एका नगाची का होईना, उरतेच. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी पेटी उलटी केली, कप्पे पाहिले, देवाधर्मावर विश्वास नसूनही मनात काहीबाही म्हटलं. शेवटी झाडणाऱ्या मावशींनी सांगितलं, कूलर हलत होता म्हणून ताईंनीच उन्हाळ्यात त्याच्या पायाखाली एक डबी सरकवली होती. कूलर उचलला. बेअरिंग निघालं. कंपनीच्या सीलसकट.

मग साहेबांनी माझ्याकडून सेहेचाळीस परतीच्या नोंदी करून घेतल्या, सगळ्यांसमोर, एकेक करून. प्रत्येक नोंदीला सॉफ्टवेअर कारण विचारायचं. चुकीचा पार्ट, खराब पार्ट, गिऱ्हाइकानं नाकारला, अशी तीन कारणं यादीत. माझं कारण त्यात नव्हतं. मी सेहेचाळीस वेळा 'गिऱ्हाइकानं नाकारला' निवडलं. रामभाऊ एवढा चिकित्सक निघाला. मूळ नोंदी काढून टाका म्हणून मी विनवलं, तर साहेब म्हणाले, मूव्हमेंट मिटत नाही, तिच्याखाली दुसरी ओळ येते, एवढंच. मला मेमो मिळाला. भिंतीवरचं प्रमाणपत्र साहेबांनी स्वतः उतरवून नेलं. साहेब गेल्यावर मालक दार लोटून म्हणाले, चूक ती चूकच, पण यंदा पेरणीत आपला एकही ट्रॅक्टर उभा राहिला नाही, अकोल्याचे मात्र राहिले. आणि हसू दाबायला खिडकीकडे वळले.

शालिकभाऊंना मालकांनी स्वतः फोन केला, चूक झाली म्हणाले, या म्हणाले. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, चहा दिला आणि ते शेतात गेले आहेत म्हणून सांगितलं. त्यांची मोटरसायकल अंगणात उभी होती.

तिसऱ्या दिवशी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा ट्रॅक्टर नाल्यात बंद पडला. दुसरा मिस्त्री पाठवला, तर ट्रॅक्टरच्या मालकानं त्याला बोनेटला हात लावू दिला नाही. शालिकभाऊलेच पाठवा म्हणाला, आणि शालिकभाऊंनाही त्यानंच फोन केला. अकराच्या सुमारास ते माझ्या खिडकीशी उभे राहिले. डिझेल फिल्टर द्या, असं नाही म्हणाले. म्हणाले, त्या सेहेचाळीस ओळींचा कागद काढून द्या.

मी एक्सपोर्ट केला. यावेळी फक्त त्या एका जॉब कार्डाचा. सेहेचाळीस ओळी गेलेल्या, सेहेचाळीस ओळी परत आलेल्या. दोन पानं निघाली. त्यांनी ती नीट पाहिली आणि खिडकीतून परत आत सरकवली.

"हे इंग्रजीत हाय. घरी कोनाले समजत नाई. याच्यावर मराठीत लिवून द्या, का हे कोनं केलं."

मी पेन घेतला. लिहिलं की हे पार्ट शालिकराम यांनी नेले नाहीत, त्यांच्या नावावर मी टाकले, त्यांना न विचारता. खाली सही केली, तारीख घातली, दुकानाचा शिक्का मारला. कागद त्यांना दिला. त्यांनी शब्दावर बोट ठेवत वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"आजून एक लिवा," ते म्हणाले. "चार वाजता मले माईत होतं. सा वाजेलोक मी बोलली नाई."

मी वर पाहिलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पाठीमागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, एकाच्या रुमालात कसला तरी तुकडा होता. हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. केबिनमध्ये तो नंबर वाचला गेला तेव्हा ते बाहेर दाराशी होते, की एकोणीस वर्षं माझा चेहरा पाहत आले होते म्हणून, देव जाणे.

मी लिहिलं. शिक्क्याच्या खाली जागा उरली नव्हती, म्हणून बाजूच्या समासात, कागद आडवा करून लिहिलं. त्याखाली परत सही केली. शालिकभाऊंनी तेवढंही वाचलं, कागदाची चौघडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि खिशावरून हात फिरवला.

"आता द्या फिल्टर," ते म्हणाले. "अन् माह्याच नावावर लिवा. मीच घेऊन चाल्लो."